एकदांडी मूळची कुठली? रानफुलाचं कूळ आणि मूळ घर शोधण्याची रीत

एकदांडी शोधायला लांब जावं लागत नाही. एसटी स्टँडमागचा मुरूम, शाळेच्या मैदानाची कड, शेताचा बांध, गच्चीवरच्या कुंडीशेजारची फट, कुठेही ती असते. जमिनीलगत पसरलेला केसाळ पाला, त्यातून वर आलेला वीतभर लांब बारीक देठ आणि देठाच्या टोकाला एकच फिकट पिवळं फूल. कोणी तिला दगडीपाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. मी वाईला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि वर्गीकरणाचा धडा याच रोपावर घेते. ते बारा महिने फुलतं, उपटलं तर कोणी रागावत नाही आणि त्याचे भाग साध्या भिंगाखालीही स्पष्ट दिसतात.

कुठल्याही रानफुलाबद्दल दोन प्रश्न येतात. ते कोणत्या कुळातलं, आणि मूळचं कुठलं. लोक दुसरा प्रश्न आधी विचारतात. माझा आग्रह उलटा आहे. जात पक्की झाल्याशिवाय मूळ घराविषयी एक शब्दही बोलू नये. पावसाळा संपताना आमच्या भागात पिवळ्या फुलांचे कितीतरी प्रकार एकाच वेळी दिसतात. त्यांतलं एखादं सह्याद्री सोडून जगात कुठेच उगवत नाही आणि त्याच्या शेजारचं दुसरं थेट मेक्सिकोचं असतं. लांबून दोन्ही सारखीच पिवळी. म्हणून आधी कूळ, मग प्रजाती, मग जाती आणि शेवटी घर, या क्रमाने जाऊ. शास्त्रात प्रजाती हा मोठा गट आणि जाती त्याच्या आतला, एवढं लक्षात ठेवा. बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, इथे तसं करून चालणार नाही.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं चालतं. एक टाचणी, अर्धं ब्लेड, पांढरा कागद, पट्टी, पेन्सिल, वही. रोप दाबून वाळवायचं असेल तर जुनी वर्तमानपत्रं. फोन असेलच, पण तो भिंगाची जागा घेऊ शकत नाही.

फूल उलटं करा

एक पूर्ण उमललेलं फूल घ्या आणि एक जून झालेलं, ज्याची म्हातारी उडायला आली आहे असं. सोबत दोन-तीन पानं असलेला खोडाचा तुकडा हवाच. पानं समोरासमोर जोडीने येतात की एकाआड एक, हे नोंदवल्याशिवाय फुलाकडे वळू नका. एकदांडीत ती समोरासमोर असतात, कडेला ओबडधोबड दाते असतात आणि दोन्ही बाजूंनी खरखरीत केस.

आता उमललेलं फूल उलटं धरा. सूर्यफुलाच्या कुळात ओळखीच्या कितीतरी खुणा फुलाच्या पाठीला असतात आणि फोटो मात्र सगळे समोरून काढतात. मला ओळखीसाठी जे फोटो येतात त्यांतल्या बहुतेकांना उत्तर देता येत नाही, ते याच कारणाने. पाठीला हिरवी, लहान पानांसारखी छदं दिसतील. ती एका ओळीत आहेत की दोन-तीन ओळींत, सगळी सारख्या लांबीची आहेत की नाहीत, केसाळ आहेत का, हे लिहून घ्या. एकदांडीत छदं दोन-तीन ओळींत असतात, बाहेरची हिरवी आणि केसाळ, आतली कडेला पातळ, कागदी.

मग फूल पांढऱ्या कागदावर ठेवून ब्लेडने वरून खाली बरोबर मधून कापा. इथे मुलं नेहमी गप्प होतात, कारण ज्याला आपण एक फूल समजत होतो त्यात शेकड्याच्या आसपासही फुलं निघू शकतात. तळाशी फुगीर बैठक आणि तिच्यावर दाटीने उभी राहिलेली बारीक पुष्पकं. या सगळ्या मांडणीला स्तबक म्हणतात. टाचणीने कडेचं एक पुष्पक सुटं करा. आपण ज्याला पाकळी म्हणतो ती या पुष्पकाची जीभ. तिच्या टोकाशी भिंग न्या. बहुधा तीन दाते दिसतील. खाली आत दुभंगलेली कुक्षी आहे, पण परागकोष नाहीत. म्हणजे कडेची पुष्पकं मादी आहेत. एकदांडीत ती थोडीच असतात, साधारण पाच.

मधलं पुष्पक वेगळं. ती एक पिवळी नळी, तोंडाशी पाच टोकं असलेली. ती टाचणीने उभी चिरलीत तर आत दुसरी नळी सापडते. पाच परागकोष कडेने एकमेकांना चिकटून ती तयार झालेली असते. पराग या नळीच्या आतच सुटतात आणि खालून वाढत येणारी कुक्षी पिचकारीच्या दट्ट्यासारखी त्यांना वर ढकलते. पराग बाहेर पडल्यावरच कुक्षीची दोन टोकं फाकतात आणि दुसऱ्याचे पराग घ्यायला तयार होतात. एकाच स्तबकात बाहेरच्या ओळीतली पुष्पकं या दुसऱ्या टप्प्यावर असतात आणि मधली अजून कळ्या असतात, कारण उमलणं कडेकडून मध्याकडे जातं. सकाळी ऊन चढल्यावर घेतलेल्या फुलात हे सगळे टप्पे एका ओळीत बघायला मिळतात. घाई करू नका, या एका गोष्टीवर अर्धा तास गेला तरी तो सार्थकी लागला समजा.

अंडाशय कुठे आहे तेही बघा. तो पाकळ्यांच्या खाली आहे. चिकटलेले परागकोष, खाली असलेला अंडाशय आणि अनेक पुष्पकं छदांच्या एका वेढ्यात, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की कूळ ठरलं. सूर्यफूल कूळ, ॲस्टरेसी. जुन्या पुस्तकांत याचंच नाव कंपॉझिटी आहे आणि नियमाने दोन्ही नावं चालतात. सुमारे १६०० प्रजाती आणि चोवीस हजारांच्या वर जाती असलेलं हे कूळ फुलझाडांतल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी आहे. म्हणून ‘सूर्यफूल कुळातलं आहे’ एवढं कळल्याने काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं.

कुळाच्या आत वाट काढणं

पहिला फाटा पुष्पकांचा. पाथरी उपटून बघा, तिची पानं जमिनीला चिकटलेली असतात आणि तोडली की पांढरा चीक येतो. तिच्या फुलात नळ्या नाहीतच, सगळी पुष्पकं जिभांची, आणि प्रत्येक जिभेच्या टोकाला पाच दाते. तीन दाते आणि पाच दाते हा फरक बारीक आहे, पण खरी किरणपुष्पकं, म्हणजे एकदांडीच्या कडेला असतात तसली जिभांची पुष्पकं, आणि पाथरीच्या गटातली पुष्पकं त्यावरून वेगळी काढता येतात. सहदेवीत उलट, सगळ्या जांभळ्या नळ्या, जीभ एकाही पुष्पकाला नाही. एकदांडीत दोन्ही प्रकार आहेत, कडेला जिभा आणि मधे नळ्या.

दुसरा फाटा बैठकीचा. नळ्या टाचणीने हळूहळू काढून टाका. एकदांडीत पुष्पकांच्या मधे पातळ, कागदी खवले उरतात. सोनकीचं फूल असंच तपासलं तर बैठक मोकळी असते, खवले नसतात. सोनकीची पानं एकाआड एक, छदं एका ओळीत सारख्या उंचीची, तळाशी फक्त काही बारकी. लांबून सोनकीसारखा वाटणारा आणि हल्ली रस्त्याकडेला पसरलेला नारिंगी-पिवळा कॉसमॉस घेतलात तर पानं कातरलेली दिसतील, छदं बाहेरची वेगळी आणि आतली वेगळी अशा दोन प्रकारची, आणि फळ लांब, टोकाला उलटे काटे असलेले कुसळ. या खुणा बघितल्यावर सोनकी आणि कॉसमॉस यांत गोंधळ होऊच शकत नाही.

तिसरा फाटा म्हातारीचा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. जून झालेल्या फुलातून एक फळ काढा. आपण त्याला बी म्हणतो, पण ते एका बीचं सबंध फळ आहे. एकदांडीचं फळ दोनेक मिलिमीटर लांब, काळपट, रेशमी लव असलेलं. डोक्यावर साधारण वीस केसांचा झुपका, त्यात लांब आणि आखूड केस मिसळलेले. एक केस भिंगाखाली धरा. तो साधा नाही, दोन्ही बाजूंना बारीक फाटे फुटलेले आहेत. सोनकीच्या म्हातारीचे केस मऊ, पांढरे आणि साधे असतात. माक्याच्या फळावर तर केसांचा झुपकाच नसतो. तेव्हा ‘माका की एकदांडी’ असा प्रश्न कोणी विचारला तर मी पाकळ्यांच्या रंगाकडे न जाता फळ मागते.

समोरासमोर पानं, देठावर एकच स्तबक, तीन दात्यांच्या थोड्या जिभा, खवल्यांची बैठक आणि पिसांसारखे केस, या जोडणीने तुम्ही ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्सपर्यंत पोचता. हे नाव वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनेअसने १७५३ साली दिलं. नाव पूर्ण लिहा. नुसतं प्रोकम्बेन्स म्हटलं तर काहीच कळत नाही, पाथरीही लॉनिया प्रोकम्बेन्सच आहे.

आता शिडी लावू. गण ॲस्टरेलिस, कूळ ॲस्टरेसी, उपकूळ ॲस्टरॉइडी, ट्राइब (उपकुळाच्या आतला, प्रजातीहून मोठा गट) मिलेरिई, प्रजाती ट्रायडॅक्स, जाती प्रोकम्बेन्स. जुनं पुस्तक उघडलंत तर ट्राइबच्या जागी हेलिअँथिई, म्हणजे खुद्द सूर्यफुलाचा गट सापडेल. पुस्तक चुकीचं आहे असं समजू नका. तो फार मोठा गट होता. डीएनएची तुलना सुरू झाल्यावर त्याचे अनेक ट्राइब वेगळे काढले गेले आणि एकदांडी मिलेरिईत आली. वहीत दोन्ही लिहा, नवं आधी आणि जुनं खाली. मुलांना या ट्राइबची ओळख लक्षात राहावी म्हणून मी एक गोष्ट सांगते: ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते कारळंही मिलेरिईतच येतं. कारळ्याचं फूल मिळालं तर एकदांडीशेजारी ठेवून कापा. बैठकीवरचे खवले दोन्हीकडे आहेत, पण कारळ्याच्या फळाला केस नाहीत.

मूळ घर

एका वर्षी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, माझी आजी विळा लागला की हाच पाला चोळून लावते. तिची आजीपण लावायची. मग हे आपलंच ना?’ प्रश्न रास्त आहे. पण वापर किती जुना, यावरून वनस्पतीचं मूळ घर ठरत नाही. याच कुळात बघा: दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, सूर्यफूल उत्तर अमेरिकेचं, शेवंती चीनकडची, कारळं इथिओपियाचं. आपण त्यांना घरात, देव्हाऱ्यात, ताटात जागा दिली हे खरं आणि ती बाहेरून आली हेही खरं. ‘इथे सापडते’ आणि ‘इथली आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, त्यांच्यासाठी वहीत दोन वेगळे रकाने करा.

पुरावे कसे जमवायचे ते सांगते.

पहिला पुरावा, जातीचं वर्णन कोणत्या मुलखातल्या नमुन्यावरून झालं. लिनेअसने ट्रायडॅक्सपुढे मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं नाव लिहिलं आहे. पण एवढ्यावर थांबू नका, कारण त्या काळी युरोपातल्या बागेत वाढवलेल्या रोपांवरूनही वर्णनं होत. लोकांत रुळलेल्या नावांवर तर अजिबात विसंबू नका. मोठ्या झेंडूला बाजारात आफ्रिकन म्हणतात, आणि त्याचा आफ्रिकेशी मुळाचा काहीही संबंध नाही.

दुसरा पुरावा, भावंडं कुठे राहतात. ट्रायडॅक्स प्रजातीत सुमारे तीस जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मेक्सिकोत आहेत. भारतात रानोमाळ दिसते ती एकच, प्रोकम्बेन्स. एका प्रदेशात सगळं कुटुंब आणि दुसरीकडे एकटीच जात, तीही वाटेकडेची, असं चित्र असेल तर कल स्पष्ट आहे. मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. सोनकीची प्रजाती सेनेसिओ, तिच्यात हजारावर जाती आणि त्या जगभर पसरलेल्या. तिथे प्रजातीचा नकाशा काहीच सांगत नाही. जातीपर्यंत उतरावंच लागतं, आणि उतरल्यावर सेनेसिओ बॉम्बेएन्सिस ही पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतरत्र न उगवणारी, जात निघते. जुन्या पुस्तकांत ती सेनेसिओ ग्रहॅमी या नावाने आहे, तेव्हा शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्म्या नोंदी हातातून निसटतील.

तिसरा, जागा. एकदांडी खणलेली, तुडवलेली, उघडी जमीन धरते. राखलेल्या जंगलात आत गेलात की ती विरळ होते. बाहेरून आलेल्या बऱ्याच तणांचं हे लक्षण आहे, पण पाथरी आणि सहदेवीही अशाच जागी वाढतात आणि त्या आपल्याकडच्या. म्हणून हा आधार दुय्यम.

चौथा, जुन्या नोंदी. ग्रॅहमची मुंबईच्या वनस्पतींची यादी १८३९ची, डॅल्झेल आणि गिब्सनचं बॉम्बे फ्लोरा १८६१चं, कुकचं मुंबई इलाख्याचं फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळातलं. तिन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. जात आहे का हे तर बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यापुढे ‘लावलेली’, ‘बाहेरून आलेली’ असं काही लिहिलंय का ते बघा. नोंद नाही म्हणजे वनस्पती नव्हती, असं मात्र ठरवू नका. गाजरगवताचं उदाहरण घ्या. पुण्यातली त्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि ते आयात गव्हाबरोबर आलं ही गोष्ट घरोघर पोचली. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेच्या १८१४च्या यादीत गाजरगवताचं नाव आधीच आहे. पहिली नोंद म्हणजे पहिलं पाऊल नव्हे.

पाचवा पुरावा कमी लोक वापरतात, पण तो मोलाचा आहे: तिला खाणारे कुठे आहेत. गाजरगवतावर जगणारा झायगोग्रामा भुंगेरा आपल्याला मेक्सिकोतून आणावा लागला आणि १९८४ साली बंगळूरजवळ सोडावा लागला. मूळ घरी वनस्पतीबरोबर तिचे शत्रूही वाढलेले असतात, नव्या घरी ते मागे राहतात.

हे सगळं केल्यावरच लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ उघडा. त्यात मूळ प्रदेश हिरव्या रंगात आणि बाहेरून पोचलेली जागा जांभळ्या रंगात दाखवतात. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्सचा हिरवा पट्टा मेक्सिकोपासून उष्ण कटिबंधातल्या दक्षिण अमेरिकेपर्यंत आहे आणि भारत जांभळा. जीबीआयएफ किंवा आयनॅचरलिस्ट या निरीक्षणांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांच्या नकाशावरचे ठिपके वेगळे. तिथे फक्त ‘कोणाला कुठे दिसली’ एवढंच कळतं. जिथे फोन घेऊन फिरणारे जास्त, तिथे ठिपके जास्त. ठिपक्यांच्या दाटीवरून मूळ घर सांगणारे लेख मी वाचलेत, त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. परकी म्हणजे वाईट, हे समीकरण मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. परकी असणं, इथे स्थिरावणं आणि आक्रमक होणं या तीन पायऱ्या आहेत. गाजरगवत तिसऱ्या पायरीवर आहे, त्याला उघड्या हाताने धरूही नका, कातडीला खाज सुटते. एकदांडीही अमेरिकेत सरकारी तणयादीत आहे. आमच्याकडे मात्र कडक उन्हात, बाकी सगळं वाळलेलं असताना, लहान निळी फुलपाखरं तिच्यावर रस पिताना दिसतात. दोन्ही निरीक्षणं वहीत राहू द्या.

वाळवायचं असेल तर मुळासकट रोप घ्या, वर्तमानपत्रात पानं पसरून दाबा. निदान एक पान उलटं करून ठेवा, खालची बाजूही दिसली पाहिजे. सुरुवातीचे काही दिवस कागद रोज बदला, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर बुरशी येते. सुटलेली फळं कागदाच्या पुडीत घालून त्याच शीटला चिकटवा. शंका उरली तर नमुना घेऊन पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत जा, मुंबईकरांना झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे. आधी विचारून जा आणि नमुन्याबरोबर नोंद असू द्या. कासला किंवा कुठल्याही संरक्षित जागी मात्र काहीही तोडू नका. तिथली सोनकी पाठीमागून, बाजूने आणि पानांसकट फोटोत घ्या, एवढ्याने ती ओळखता येते.

नोंदीची चिठ्ठी मी अशी लिहून घेते: ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, एकदांडी. कूळ ॲस्टरेसी, ट्राइब मिलेरिई. मुरमाड उघडी जागा, रस्त्याची कड. जीभ फिकट पिवळी, वाळल्यावर रंग जातो म्हणून आजच लिहिला. मूळ प्रदेश मेक्सिको ते उष्ण कटिबंधीय दक्षिण अमेरिका. महाराष्ट्रात बाहेरून आलेली, स्थिरावलेली. खाली तारीख, गाव, तालुका आणि ज्याने गोळा केली त्याचं नाव. तारीख किंवा गाव राहिलं असेल तर मी चिठ्ठी परत देते, कारण त्या दोन गोष्टींशिवाय तो नमुना पुढे कोणाच्याच उपयोगाचा नसतो.